कॅलेंडरवरची अकरा तारीख

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज एका वाढदिवसाची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न. तुमच्या ओळखीत १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत? जरा आठवून बघा. पन्नाशी-साठीची, खेड्यापाड्यात शाळा शिकलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. दहातली तीन-चार तरी निघतील. त्यांच्यातलाच मीही एक.

आता एवढी सगळी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली? ती जन्मली नव्हती, श्रोतेहो. त्यांना गुरुजींनी जन्माला घातलं होतं. वडील पोराचं बोट धरून शाळेत जायचे. गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" वडील म्हणायचे, "दोन वर्सं झाली असतील बघा त्या मोठ्या पुराला, त्याच्या आधीचं हाय." गुरुजी शहाणे. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोराचं वय त्या हिशोबात बसलं पाहिजे. ते रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे हीच तारीख दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, आधारकार्डावर चढत गेली. सरकारी नियम असा, की ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे हा आपल्याकडे हारतुऱ्यांचा दिवस असतो. कॉलेजच्या कार्यालयात आयुष्यभर कारकुनी करून मीही २०२५च्या ३१ मे रोजी निवृत्त झालो. त्या दिवशी आम्ही तिघं होतो. तीन शाली, तीन नारळ आणि भाषण एकच.

माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारलं, की अम्मा, मी खरा कधी जन्मलो? ती म्हणते, "मिरगाच्या आधी. म्हैस व्यायली त्याच आठवड्यात. आधी ती सुटली, मग मी." म्हणजे गुरुजींचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता.

आता खरी गंमत पुढे आहे. १९९१ साली माझं लग्न झालं. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावरही तारीख १ जून! माझं साल १९६७, हिचं १९६८. बँकेत जोडखातं उघडताना खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचला आणि हसून म्हणाल्या, "छान आहे, एकाच केकमध्ये भागतं." आमच्याकडे कुठला केक! दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी, म्हणून तो कुणाचाच होत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. लोक हसायचे. त्यावर एक कविताही केली होती. कविसंमेलनात ती हमखास वन्समोअर घ्यायची.

मी कविता करतो. मराठीत करतो. घरात आमची दखनी बोली चालते आणि मराठीही चालते. कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू होईल आणि कुठल्या भाषेत संपेल, याचा नेम नसतो. "नको" हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. आमच्या घरात तो सर्वांत जास्त कोण वापरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. साडी घेऊ? नको जी. रिक्षा करू? नको जी. डॉक्टरकडे जाऊ? नको जी, सुंठ घेतलीय.

आमचं घर कराडला, जुन्या पेठेत. मुलगी पुण्याला नोकरी करते. मुलगा इथंच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सून आहे, अम्मा आहे. आणि या सगळ्यांचा कारभार स्वयंपाकघराच्या दाराआड लटकलेल्या एका कॅलेंडरवर चालतो. ते कॅलेंडर हिचं. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, अम्माच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपणार ते असतं. माझ्या विम्याचा हप्ता, भिशीचा दिवस, कोणाच्या लग्नात किती आहेर केला तो आकडा. मुलांचे वाढदिवस, सुनेचा वाढदिवस, सुनेच्या आईचासुद्धा. दर जानेवारीत नवं कॅलेंडर आलं, की ही जुनं शेजारी मांडून बसते आणि सगळ्या खुणा एकेक करून नव्यावर उतरवते. मी कवी असून माझ्या वह्या कधी इतक्या नीट ठेवल्या नाहीत.

या कॅलेंडरवर ११ डिसेंबरच्या चौकोनात एक अक्षर असायचं. "दा." दर वर्षी असायचं. मला वाटायचं, दाणे. थंडीच्या दिवसांत शेंगदाणे आणून ठेवायचे असतील. त्या दिवशी घरात खीर व्हायची, ती मी खायचो. खीर कशाची, हे मी विचारलं नाही. तेहतीस वर्षं विचारलं नाही.

२०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली होती. रजेचा हिशोब बघायला तिनं कॅलेंडरचं पान उलटलं आणि ओरडली, "अम्मी, हे दा म्हणजे काय गं?"

ही भाकरी थापत होती. म्हणाली, "दादी."

"कुणाची दादी?"

"माझी. त्या दिवशी गेली ती. भूकंपात."

"आणि तू? तू पण भूकंपातली ना? नानी म्हणायची, भूकंपाची पोर म्हणून."

हिनं तव्यावरची भाकरी उलटली. "हां. ती गेली आणि मी आले. एकाच पहाटे."

मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो. माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. भूकंपाच्या वर्षी हिचा जन्म झाला, हे मला ठाऊक होतं. हिची दादी भूकंपात गेली, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या, पण वेगवेगळ्या खिशांत. त्या एकत्र करून बघावं, असं मला कधी सुचलं नाही. मुलीनं ते एका मिनिटात केलं. "म्हणजे तुझा वाढदिवस ११ डिसेंबर! १ जून नाहीच!"

हिचं उत्तर ठरलेलं होतं. "घरात माणूस गेलं त्या दिवशी कसला वाढदिवस? नको जी."

ज्या श्रोत्यांना तो दिवस ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला. साडेसहाच्या आसपासचा. पार मुंबई-पुण्यापर्यंत माणसं घराबाहेर आली. कोयनानगर आणि भोवतालची गावं कोसळली, सुमारे १८० माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. ते दिवस रमजानचे होते. आठवा रोजा की नववा, यावर हिची आई आणि मावशी यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

रमजान होता म्हणून हिच्या माहेरच्या घरात त्या वेळी दिवा होता. पाटणच्या पुढचं, कोयनाकाठचं छोटं गाव. ही रात्री दोनच्या सुमारास जन्मली. सुईण हात धुऊन गेली आणि दादीनं सहरीसाठी चूल पेटवली. बाळंतीण आणि बाळ बाजेवर. जमीन हलली तेव्हा हिच्या वडिलांनी दोघींना उचलून अंगणात आणलं. दादीही बाहेर आली होती. मग ती पुन्हा आत गेली. आणि मागची भिंत आली.

ती आत का गेली? हिच्या आईनं हिला लहानपणापासून सांगितलं होतं, की तुझ्यासाठी वाकळ आणायला गेली. डिसेंबरची थंडी, दोन तासांचं उघडं लेकरू. माझ्या सासूबाई हे मोठ्या मायेनं सांगायच्या, मीही ऐकलेलं आहे. तुझ्या दादीचा तुझ्यावर किती जीव होता, असं त्यांना म्हणायचं असायचं. पण एका मुलीनं ते ऐकताना काय ऐकलं असेल? मी आले, म्हणून ती गेली. हे हिनं कधी बोलून दाखवलं नाही. ११ डिसेंबरला खीर करायची, फातेहा द्यायची, सगळ्यांना वाटी द्यायची आणि कामाला लागायचं. कागदावर तर ही भूकंपानंतर साडेपाच महिन्यांनी जन्मली होती. गुरुजींनी हिला त्या दिवसातून सोडवलं होतं. हिनं स्वतःला सोडवलं नाही.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मी त्यावर दीर्घ कविता लिहिली. ढिगाऱ्याखालची पाटी, अर्धी भाकरी, असं सगळं तिच्यात होतं. घरी मित्र जमले की मी ती म्हणायचो. माझी कविता सुरू झाली की ही उठून आत जायची. मला वाटायचं, चहा ठेवायला गेली. आणि चहा यायचाही. त्यामुळे माझा गैरसमज पक्का होत गेला. भूकंपावर कविता करणाऱ्या माणसाच्या घरात भूकंपच नांदत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

कराडजवळ हजारमाचीला एक सरकारी प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या परिसरात भूकंप का होतात, याचा अभ्यास तिथले शास्त्रज्ञ करतात. त्यासाठी त्यांनी खडकात ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं. मी त्या रस्त्यानं अनेकदा गेलोय. जमिनीला विचारायला माणसं ३ किलोमीटर खाली जातात. मला तर फक्त बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जायचं होतं.

असो. मुलगी पुण्याला परतली आणि आठवड्यात तिचा फोन. "अब्बा, मी महाबळेश्वरला खोली घेतलीय. १० आणि ११ डिसेंबर. दोन रात्री. पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत." शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम टाकलं होतं. तिला आपल्या आईची नस ठाऊक आहे. पैसे वाया जाणार म्हटल्यावर ही जग इकडचं तिकडे करील.

तरी आठ दिवस नको जी चाललंच. अम्माच्या डोळ्यांत औषध कोण घालणार? दूधवाला सकाळी बेल न वाजवता जातो, मांजर पातेलं पाडतं. सुनेला भाकरीचा अंदाज नाही. शेवटी अम्माच म्हणाली, "जा की गं. मी काय पळून जातेय? आणि आमच्या वेळी नवऱ्याबरोबर कुठं जायचं म्हणजे एक तर दवाखाना, नाही तर मयत. तू थंड हवेला निघालीस तर तोंड काय वाकडं करतेस?" सुनेनं भाकरीचं आव्हान स्वीकारलं. आणि १० तारखेला आम्ही एसटीत बसलो.

एसटीत २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं एक पूर्ण, एक अर्धं असं दिलं. ही दोन्ही तिकिटं पर्समध्ये नीट ठेवत म्हणाली, "बघा, माझा खर्च निम्माच." लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि केवळ हिंडण्यासाठी म्हणून आम्ही दोघंच निघालो, असं पहिल्यांदाच घडत होतं. बोलायला काय, हेच सुचेना. पोरांचं बोलून झालं, अम्माचं बोलून झालं, मग साताऱ्यापर्यंत आम्ही उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मोजल्या.

हॉटेलात गेल्यावर हिनं पहिल्यांदा काय केलं असेल? पलंगावरची चादर काढून, झटकून पुन्हा घातली. न्हाणीघरातले टॉवेल घडी बदलून ठेवले. चहा घेऊन आलेल्या पोराला विचारलं, "जेवलास का रे?" तो जावळीकडचा निघाला. मग त्याची आई, बहीण, बहिणीचं बाळंतपण असं सगळं झालं. चहा निवला. मी म्हटलं, अगं, आपण पाहुणे आहोत. ती म्हणाली, "मला पाहुणं व्हायची सवय नाही."

संध्याकाळी वेण्णा तलावावर गेलो. नावेत बसायला हिनं नको म्हटलं. घोड्यालाही नको म्हटलं. स्ट्रॉबेरी आणि क्रीमची किंमत ऐकून तर दोनदा नको म्हटलं. मग मी एकच घेतली आणि दोन चमचे मागितले. ती खाताना हिला दोनदा ठसका लागला, कारण शेजारी एक नवं जोडपं एकमेकांना भरवत होतं आणि ही हसू दाबत होती. त्या संध्याकाळी मी हिला बऱ्याच दिवसांनी हसताना बघितलं. खरं सांगायचं तर, बऱ्याच दिवसांनी बघितलं.

त्याआधी दुपारी आम्ही जुन्या महाबळेश्वरला जाऊन आलो होतो. तिथं पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथला मानतात. दगडी गोमुखातून पाणी पडत असतं. ही तिथं बराच वेळ उभी राहिली. मग ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, "यातलं आमचं कुठलं?" मला आधी कळलं नाही. आमचं म्हणजे कोयनेचं. ही नदी इथून निघते, हिच्या माहेरावरून जाते, धरणात अडते, सुटते आणि कराडला येऊन कृष्णेला मिळते. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रीतिसंगमावर मी हजार वेळा जाऊन बसलोय, कविता केल्यात. पण ती नदी जशी येते तशीच आमच्या घरात एक बाई आलेली आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रात्री थंडी फार पडली. पहाटे मला जाग आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. ही खिडकीजवळच्या खुर्चीत शाल लपेटून बसली होती. मोबाइलवर चार वाजून दहा मिनिटं झालेली. मी म्हटलं, "झोप येत नाही का?"

म्हणाली, "दर वर्षी याच वेळेला जाग येते मला."

"दर वर्षी?"

"हां. तुम्ही घोरत असता."

मी उठून हिच्याजवळ बसलो. आम्ही काही बोललो नाही. चार एकवीस झाले, बावीस झाले. बाहेर कुत्रं भुंकलं. मग मी धीर करून म्हटलं, "आज तुझा वाढदिवस आहे. काय हवंय, सांग. नको म्हणायचं नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला गावाला न्याल का? आज."

श्रोतेहो, माझ्यातला कारकून आधी जागा झाला. दुसऱ्या रात्रीचे पैसे भरलेले होते. पण तो कारकून मी तिथंच बसवला. सहाला आम्ही पिशवी भरली. हिनं निघताना पुन्हा चादर नीट केली. केळघरचा घाट उतरून मेढ्यावरून साताऱ्याला, तिथून पाटणच्या गाडीनं उंब्रज, मल्हारपेठ. पाटणहून पुढं वडाप. एक वाजता गावात पोचलो.

हिच्या माहेरचं आता तिथं कुणी नाही. भाऊ मुंबईला असतात. सासूबाई २०१९ साली गेल्या. घराच्या जागी दुसऱ्यांचं पक्कं घर आहे. कब्रस्तान ओढ्याच्या पलीकडं. आमच्याकडे बायका आत जात नाहीत, म्हणून ही बांधाबाहेर थांबली. दादीची कबर नेमकी कुठली, ते आता सांगणारं कुणी नाही. मी अंदाजानं एका बाजूला उभं राहून फातेहा पढलो. परत आलो तर ही एका म्हाताऱ्या आजींचा हात धरून उभी होती.

जुन्या शेजारीण. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. भूकंपाच्या वेळी त्या नव्यानं नांदायला आल्या होत्या. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग हिनं विचारलं. आयुष्यभर कुणाला न विचारलेलं.

"आजी, माझी दादी माझ्यासाठी वाकळ आणायला आत गेली होती ना?"

आजी विचारात पडल्या. "वाकळ? कुणास ठावं बाई. आत गेली ते खरं, म्या बघितलं. पर कशापायी गेली ते तिलाच ठावं. त्या घडीला कोण कशापायी आत गेलं म्हणून सांगू? कुणी ट्रंकेसाठी गेलं, कुणी शेरडू सोडाय गेलं. माझी सासू तर कोंबड्या झाकायला निघालीवती, म्या वढून धरली. जीव घाबरला की माणूस घराकडंच पळतंय, पोरी. आता घरच पडाय लागलंय, ह्ये त्येला सुचतंय व्हय?"

ही काहीच बोलली नाही.

आजींनी हिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्या घरात दिवा हुता. रोज्याचं दिस. आमी समदी झोपल्यालो. तुझ्या बाऽनं हाका मारून आमास्नी उठीवलं, म्हणून वाचलो. मग समदं पडून झालं आन् गाव गप झाला. कुत्रंबी बोलंना. त्या अंधारात तू तेवढी रडत हुतीस. लई रडलीस बघ. आमास्नी बरं वाटलं. म्हटलं, कुनीतरी नवं हाय."

मी कवी आहे, पण त्या वाक्याला मी हात लावणार नाही. ते आहे तसं तुमच्यापुढं ठेवतो.

वाकळीचं खरं काय, ते आता कळणार नाही. सासूबाई खोटं बोलल्या असंही मी म्हणणार नाही. मरणाला काहीतरी कारण लागतं, आणि त्यांना सुचलेलं कारण मायेचं होतं. आजींनी ते कारण खोडलं नाही, फक्त त्याच्याशेजारी आणखी चार कारणं आणून ठेवली. त्या चार कारणांनी हिच्या पाठीवरचं ओझं किती उतरलं, ते मला मोजता येणार नाही. परतीच्या गाडीत ही झोपली, एवढं मात्र सांगतो. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, तोंड थोडं उघडं टाकून, पाटणपासून कराडपर्यंत. एसटीत झोपलेली हिला मी कधी बघितलेली नव्हती. पिशवी कोण सांभाळणार, म्हणून ही नेहमी जागी असायची. त्या दिवशी पिशवी मी सांभाळली.

घरी पोचलो तर सगळे चक्रावले. एक दिवस आधीच कसे आलात? भांडलात की काय? सुनेच्या भाकऱ्या थोड्या जाड झाल्या होत्या, पण अम्मानं दोन्ही दिवस तक्रार केली नव्हती. मुलीचा पुण्याहून फोन, "अब्बा, मी दोन रात्रींचे पैसे भरले होते!" मी म्हटलं, "पोरी, वसूल झाले." खीर करायची राहिली होती. ती हिनं रात्री नऊला केली. फातेहा झाली. मग मुलानं कोपऱ्यावरच्या बेकरीतून छोटा केक आणला. आधी खीर की आधी केक, यावर क्षणभर सगळे थबकले. अम्मानं निकाल दिला, "एकाच ताटात वाढा. पोटात जाऊन भांडत नाहीत ती." तसंच केलं.

जानेवारी लागला. नवं कॅलेंडर आलं. ही जुनं शेजारी मांडून बसली. दुधवाल्याचा नंबर, विम्याचा हप्ता, मुलांचे वाढदिवस. मी पेपराआडून बघत होतो. डिसेंबरचं पान आलं. अकराच्या चौकोनात हिनं "दा" लिहिलं. पेन थांबलं. मग त्याच्याशेजारी, जरा बारीक अक्षरात, "वा" लिहिलं.

वा म्हणजे वाटाणे का, असं मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला आता आली आहे.

पुढे ३१ मेला मी निवृत्त झालो. दुसऱ्या दिवशी १ जून. सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छा येत होत्या. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "खोट्या वाढदिवसाच्या मुबारका." मी म्हटलं, "तुलाही." आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा मी करतो. साखर अजून कमी-जास्त होते. दुधाचे खाडेही मीच मांडतो. त्या निमित्तानं कॅलेंडरसमोर उभं राहावं लागतं, आणि घरातली बाई काय काय लक्षात ठेवते, ते रोज थोडं थोडं वाचता येतं.

श्रोतेहो, शेवटी एवढंच. तुमच्या घरातही कुणीतरी १ जूनचं असेल. त्यांची खरी तारीख कुणाच्या तरी आठवणीत असते. कुठल्या पुरात, कुठल्या दुष्काळात, कुठल्या पेरणीत किंवा कुठल्या रोज्याला. ज्यांना ती ठाऊक आहे, ती माणसं आता ऐंशीच्या पुढं गेली आहेत. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एखादं कॅलेंडर असेल, तर एकदा ते सगळं वाचा. एखाद्या चौकोनात एखादं अक्षर दिसेल. त्याचा अर्थ दाणे असेलही. पण विचारून घ्या.